आठ डिस्क, वाट एकपदरी

बेंगळुरूच्या एसपी रोडवरून जुने कंट्रोलर कार्ड आणून मी त्यावर 4 टीबीच्या आठ डिस्क जोडल्या होत्या. मांडणी रेड-5, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत. एक गेलीच. नवी बसवली, पण पुनर्बांधणीचा वेग सेकंदाला जेमतेम 55 एमबी, म्हणजे 20 तास! तेवढ्यात दुसरी गेली असती तर घरचे सगळे फोटो गेले असते.

काम थांबवून आधी तपासणी केली. एकटी डिस्क वाचली: 180 एमबी. जुन्या सातही एकदम वाचल्या: प्रत्येकी 55, बेरीज 385. एकेकटी धावते आणि सगळ्या मिळून रखडतात, तेव्हा दोष बहुधा सामाईक वाटेत असतो.

लिनक्सच्या ‘एलएसपीसीआय’ आदेशाने उलगडा झाला. कार्ड आठ लेनचे, पण मी निवडलेला स्लॉट दिसायला लांब असला तरी आत लेन एकच. पीसीआय एक्स्प्रेस 2.0 ची एक लेन कागदावर 500 एमबी, प्रत्यक्षात 400 च्या आसपास.

यंत्र रीतसर बंद करून कार्ड आठ लेनच्या स्लॉटमध्ये हलवले. उरलेले काम सरासरी 150 च्या वेगाने झाले.

तेव्हा डिस्कला दोष देण्याआधी वाट मोजा. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. फोटोंची एक प्रत वेगळी ठेवाच.