मूत्रपिंडे आधी सांगतात

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये १८२०च्या दशकात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेत आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवून पाहत. काहींची लघवी तापताच पांढरट व्हायची, अंड्यातला पांढरा बलक उष्णतेने गोठतो तशी. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असल्याची ती खूण होती. यांतले जे रुग्ण दगावले, त्यांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडे खराब झालेली आढळली. ब्राइट यांनी १८२७ साली ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. १८३६ मध्ये त्यांनी अशा १०० रुग्णांचा तक्ता मांडला, तेव्हा त्यांतल्या अनेकांचे हृदयही वाढलेले असल्याचे समोर आले. रक्तदाब मोजण्याचे आजच्यासारखे उपकरण त्या काळी नव्हते. तरीही मूत्रपिंडाचा आणि हृदयाचा आजार हातात हात घालून चालतात, हे त्यांनी हेरले.

आज ‘किडनी खराब झाली’ असे कानावर पडले की आपल्या डोळ्यांपुढे थेट डायलिसिसचे यंत्र उभे राहते. प्रत्यक्षात मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या बहुतेकांवर डायलिसिसची वेळ येतच नाही. त्याआधी हृदयविकार किंवा पक्षाघात गाठण्याचा धोका त्यांना अधिक असतो. म्हणूनच मूत्रपिंडाची तपासणी ही साऱ्या शरीराची तपासणी आहे, असे मी आग्रहाने सांगतो.

लहान अवयव, मोठा कारभार

एकेक मूत्रपिंड जेमतेम मुठीएवढे, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या जोडीकडे जातो. प्रत्येकात साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसभरात त्यांतून १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी उरते.

गाळणे हे निम्मेच काम. रक्तदाब सांभाळणारे रेनिन मूत्रपिंडात तयार होते. हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी बनवण्याचा हुकूम देणारे एरिथ्रोपोएटिन इथलेच. ‘ड’ जीवनसत्त्व हाडांच्या कामी येते, ते मुख्यतः इथे त्याला अंतिम रूप मिळाल्यावर. रक्तातले आम्ल, पोटॅशियम आणि फॉस्फरस यांचा तोलही इथेच राखला जातो.

म्हणून मूत्रपिंड मंदावले की तक्रारी भलतीकडेच दिसतात. जिना चढताना धाप लागते, रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी निघते आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नाही. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही. अंगाला खाज सुटते, हाडे दुखतात. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर एक फसवी गोष्ट घडते. इन्सुलिनचा निचरा करण्यात मूत्रपिंडांचा वाटा असतो. ती थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि साखर आपोआप खाली येऊ लागते. ‘माझी शुगर आता ताब्यात आली’ म्हणून घरात आनंद होतो, तेव्हा खरे तर रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, तपासायला हवे असते.

हृदयावर तर चहूबाजूंनी भार पडतो. मीठ-पाणी साचून रक्तदाब चढतो, रक्त कमी असल्याने हृदयाला जास्त राबावे लागते, फॉस्फरस वाढून रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठते आणि पोटॅशियम फार वाढले तर ठोक्यांची लयच बिघडते.

रिपोर्ट कसा वाचावा

पंचविशीतल्या तरुणाचे क्रिएटिनिन १.१ आहे आणि पासष्ट वर्षांच्या आजींचेही १.१ आहे, असे समजा. अनेक लॅबच्या रिपोर्टवर दोन्ही आकडे ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतील. पण वय आणि लिंग धरून गाळण्याचा वेग काढला, तर तरुणाचा ९५च्या आसपास येतो आणि आजींचा ५६च्या. या वेगाला ईजीएफआर म्हणतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला, तर मूत्रपिंडाचा जुनाट आजार आहे असे मानतात. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबलो, तर निम्मी क्षमता जाईपर्यंत आपण गाफील राहू शकतो.

दुसरी तपासणी ब्राइट यांच्या चमच्याची वारसदार आहे. लघवीतल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर त्यात काढतात. ते ३०च्या वर सतत राहिले, तर ईजीएफआर उत्तम असला तरी धोक्याची सूचना समजावी. मूत्रपिंडासाठी ती आहेच, हृदयासाठीही आहे. या टप्प्यावर बहुधा काहीही दुखत-खुपत नसते.

हातात काय आहे

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या आजाराची दोन मुख्य कारणे. ती आटोक्यात ठेवणे हा पहिला उपाय. टेल्मिसार्टन, लोसार्टन या वर्गातल्या गोळ्या रक्तदाबाबरोबर लघवीतून जाणारे प्रथिनही कमी करतात. डापाग्लिफ्लोझिन हे मूळचे मधुमेहाचे औषध. मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही त्याचा फायदा होतो, हे २०२० साली मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. ही औषधे सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वर जाऊ शकते. त्या भीतीने ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

घरात पहिली नजर मिठावर हवी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. शेव, चिवडा, पापड, लोणचे यांतले मीठही त्यातच धरायचे. सैंधवही बहुतांशी सोडियमच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते विचारल्याशिवाय वापरू नये. कमरख हे फळ तर अशा रुग्णांना मेंदूवर परिणाम करण्याइतके घातक ठरते. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या महिनोन् महिने घेणे थांबवायलाच हवे. घटक न सांगता दिलेल्या पुड्या आणि भस्मेही टाळावीत.

उन्हात राबणाऱ्यांची काळजी वेगळी आहे. निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमधल्या ऊसतोड मजुरांत मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी होताना आढळली, आणि रणरणत्या उन्हातले कष्ट हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. आपल्या फडांवरही सावली, पाणी आणि विश्रांती हा कामाचाच भाग झाला पाहिजे.

डायलिसिस जीव वाचवते, पण आठवड्यातल्या १६८ तासांचे काम ते साधारण १२ तासांत उरकू पाहते. म्हणून आजार तिथवर जाऊ न देणे हेच शहाणपण. घरात कुणाला मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, आई-वडिलांपैकी कुणाला किडनीचा त्रास असेल, तर यंदा दोन तपासण्या नक्की करून घ्या: रक्तातील क्रिएटिनिन ईजीएफआरसह आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. दरवर्षी करा, जुने रिपोर्ट जपून ठेवा आणि डॉक्टरांपुढे ते सगळे एकत्र मांडा.