ओल्या लाकडाची पकड

रायपूरच्या आसपास भाताच्या बांधांवर बाभळी दिसतात. आपोआप उगवल्या असल्या, तरी शेतकरी त्या मुद्दाम राखतो. दहा-बारा वर्षांनी तोडतो आणि त्यातून अवजारं, सरपण, अंगणातली खाटसुद्धा निघते. खटिया हेच छत्तीसगडचं खरं अंगणातलं फर्निचर! जुन्या खाटेत खिळा शोधून सापडत नाही. बाभळीचं आणि लोखंडाचं तसंही पटत नाही. ओलाव्यात तिच्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळे डाग पाडतं आणि खिळा गंजून सैल होतो.

मग पकड येते कुठून? वाळण्यातून.

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं सगळं उडून गेलं तरी लाकूड तसूभर हलत नाही. ओलावा 30 टक्क्यांच्या खाली उतरला की भिंती सुकू लागतात आणि लाकूड आक्रसतं. लांबीत जवळपास नाहीच, जाडी-रुंदीत मात्र चांगलंच. त्यातही वाढवलयांच्या कडेने, गाभ्याच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. भिंतीतले सेल्युलोजचे धागे बहुतांशी उभे असतात. मधलं पाणी गेलं की ते एकमेकांजवळ सरकतात, आखूड होत नाहीत.

आता खाटेचा पाय ओल्या लाकडाचा आणि त्यात बसणारी दांडी खडखडीत वाळलेली घ्या. पायाला 30 मिलिमीटरचं भोक. लाकूड आडवं 4 टक्के आक्रसलं, तर भोक मिलिमीटरभराहून जास्त अरुंद होतं. पण फक्त बाजूंनी. उभं तेवढंच राहतं. गोल भोक लांबट होतं आणि दांडीला दोन्ही कुशींत आवळतं. ना गोंद, ना ठोकाठोक!

रायपूरचा मे महिना दांड्या वाळवायला उत्तम. हवेत 20-25 टक्के आर्द्रता असली तर लाकूड 5 टक्क्यांच्या आसपास सुकतं. पावसाळ्यात तीच 85 वर गेली की 18 च्या घरात पोचतं. दांडी फुगते, भोक जागा देत नाही. दरसालच्या या दाबाने तंतू चेपतात आणि सांधा कुरकुरू लागतो. खाटेला निदान विणीचा ताण असतो. बाकड्याला तोही नाही. तिथे वाळलेली खुंटी हवी. खुंटीसाठी दांडीतलं भोक पायातल्या खुंटीच्या भोकापेक्षा जरासं आत, दांडीच्या मधल्या अंगाला पाडतात. खुंटी ठोकली की वाकत वाकत दांडीला आत ओढते. जर्मनीत लाइपझिगजवळ सापडलेल्या, सुमारे 7000 वर्षांपूर्वीच्या ओकच्या विहिरींमध्येही पाचर मारून आवळलेले सांधे आहेत. तेव्हा धातूची हत्यारं नव्हती, दगडाची होती!

बाभळीची एक खोड मात्र आहे. बाहेरच्या फिक्या लाकडात पिष्टमय पदार्थ असतात, त्यावर भुंगेरे तुटून पडतात आणि लाकडाचं पीठ करतात. उपाय जुना आहे: ओंडका काही महिने पाण्यात बुडवून ठेवायचा. पिष्ट निघून जातं, किड्याला खायला उरत नाही. शिवाय पाण्याखाली लाकूड वाळतही नाही, त्यामुळे तडकत नाही. सवडीने बाहेर काढलं तरी पाय घडवायला ओलंच मिळतं.