मुलाखतींतील एक सोपा प्रश्न

सॉफ्टवेअर कंपनींत नोकरीच्या मुलाखतीस जाऊन आलेला मुलगा घरीं सांगतो कीं, क्रमानें लावलेल्या यादींतून एक आंकडा शोधण्याची रीत त्याला फळ्यावर लिहावयास लावली. घरांतील वडील मंडळींस नवल वाटतें. एवढ्यासाठीं का कॉलेजांत चार वर्षें घालविलीं?

वस्तुतः हें काम आपण सर्वच करीत आलों आहोंत. मोल्सवर्थचा मराठी कोश समोर घ्या व त्यांत 'पाऊस' हा शब्द काढा. पहिल्या पानापासून कोणी वाचीत बसत नाहीं. कोश मध्यावर उघडावा. समजा तेथें 'न' लागला, तर 'प' त्याच्या पुढें, म्हणून अलीकडचा अर्धा कोश सोडून द्यावा व उरलेल्या भागाचा पुन्हां मध्य पाहावा. ह्यालाच संगणकशास्त्रांत 'बायनरी सर्च' म्हणतात. एक लाख नांवांच्या यादींत ह्या रीतीनें फार तर १७ वेळां पाहावें लागतें. यादी एक कोटीची झाली तर २४ वेळां. यादी शंभरपट वाढली, पण श्रम वाढले ते अवघे सातांनीं! अट एकच, यादी क्रमवार हवी. रद्दीच्या गठ्ठ्यांत ही युक्ति कुचकामाची.

युक्ति सोपी खरी. पण ती बिनचूक लिहिणें सोपें नव्हे. १९४६ सालीं जॉन मॉचली ह्यांनीं व्याख्यानांत तिचा उल्लेख केला; परंतु कितीही लांबीच्या यादीस लागू पडणारी निर्दोष रीत छापली जाण्यास पुढें दहांहून अधिक वर्षें लागलीं. जॉन बेंटली ह्यांनीं हाच प्रश्न धंद्यांत मुरलेल्या प्रोग्रॅमरांस घातला व दोनएक तासांचा अवकाश दिला. नव्वद टक्के लोकांच्या उत्तरांत चुका निघाल्या!

चूक होते ती बहुधा सीमेवर. कोशांत आपण दोन आंगठे ठेवतों, एक अलीकडे व एक पलीकडे. तपासून झालेलें मधलें पान वगळून आंगठा पुढच्या पानावर सरकविला पाहिजे. तो त्याच पानावर ठेवला, तर अखेर दोन पानें उरलीं असतां मध्य म्हणून तेंच पान पुन्हां पुन्हां हातीं येतें आणि संगणक तेथेंच घुटमळत राहतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. मध्य काढण्यासाठीं दोन्ही टोंकांचे क्रमांक मिळवून निम्मे करावे, हें शाळेंतलें गणित. पण बत्तीस बिटांच्या कप्प्यांत २१४,७४,८३,६४७ ह्याहून मोठी बेरीज मावत नाहीं, ती उलटून ऋण होते. जावा भाषेच्या ग्रंथालयांत हा दोष सुमारें नऊ वर्षें लपून होता. २००६ सालीं जोशुआ ब्लॉक ह्यांनीं तो जाहीर केला, आणि तो भाग त्यांनींच लिहिलेला होता! बेंटलींनीं पुस्तकांत सिद्ध करून दाखविलेल्या रीतींतही तोच दोष होता. उपाय असा, कीं दोन टोंकांतील अंतराचें अर्ध अलीकडच्या क्रमांकांत मिळवावें.

म्हणून पाठ केलेलें उत्तर धडाधड लिहिणाऱ्या उमेदवारापेक्षां, "यादी क्रमवार आहे ना? ती रिकामी असूं शकेल काय?" असें आधीं विचारणारा मला अधिक भरंवशाचा वाटतो. परीक्षक मात्र कित्येकदां पाठांतरावरच खूष होतात, हेंही खरें. उमेदवारानें घरीं रिकामी यादी, एकच नांव, दोन नांवें आणि यादींत नसलेलें नांव, इतके प्रसंग कागदावर ताडून पाहावे. ह्यांतला शेवटचा हमखास विसरला जातो. १८५७ च्या मोल्सवर्थमध्यें कोणी 'रेडिओ' शोधूं लागला, तर त्याचे दोन्ही आंगठे अखेर एकमेकांस ओलांडून जातील. त्याच क्षणीं प्रोग्रॅमनें थांबून 'नाहीं' असें सांगावयाचें असतें.