खानदेशातील रुग्णालये आणि औषधसाठ्याचे गणित

सार्वजनिक रुग्णालयात एखादे औषध संपले की त्याचे खापर बहुधा निधीच्या टंचाईवर फोडले जाते. परंतु मागणीपत्र पाठवल्यापासून माल औषध भांडारात पोहोचेपर्यंतचा काळ, म्हणजे पुरवठा-अवधी, अनिश्चित असणे हे तितकेच मोठे कारण आहे. हा अवधी ठरलेला असेल, तर तेवढ्या दिवसांचा खप आणि त्यावर थोडा राखीव साठा धरून नवी मागणी केव्हा नोंदवायची, हे औषधनिर्माण अधिकाऱ्याला ठरवता येते. तो बेभरवशाचा असला, की एकीकडे तुटवडा पडतो आणि दुसरीकडे धास्तीने जादा मागवलेली औषधे मुदतबाह्य होतात.

महाराष्ट्रात 2017 पासून सार्वजनिक रुग्णालयांसाठीची औषधखरेदी हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली गेली आणि 2023 च्या कायद्याने तिच्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आले. एकत्रित खरेदीने दर उतरतात, हे खरे. मात्र निविदा किंवा देयके रखडली, तर रुग्णाच्या हाती बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी पडते. तमिळनाडूने 1994 मध्ये स्थापलेल्या महामंडळाद्वारे जिल्हानिहाय गोदामे उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला आपल्या वाट्याचा माल पासबुकावर उचलण्याची सोय दिली, हा अधिक विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

खानदेशात या प्रश्नाला ऋतूची जोड आहे. पावसाळ्यात शेतीची कामे सुरू होताच सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणाऱ्या प्रतिविषाच्या अनेक कुप्या एकाच रुग्णाला लागू शकतात. त्यामुळे वार्षिक खपाला बाराने भागून काढलेली सरासरी येथे फसवी ठरते. त्यातच द्रवरूप प्रतिविष 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, तर जळगाव-भुसावळचा उन्हाळा 45 अंशांपर्यंत चढतो. म्हणून वीज बेभरवशाची असलेल्या यावल, चोपडा, शिरपूर किंवा साक्री तालुक्यांतील सातपुडा-सह्याद्रीलगतच्या आरोग्य केंद्रांना शीतकपाटाची सक्ती नसलेले भुकटीरूप प्रतिविष देणे अधिक शहाणपणाचे आहे. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर तर नंदुरबारकडून येणाऱ्या रुग्णांचा आणि मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर महामार्गांवरील अपघातग्रस्तांचाही भार पडतो.

अशा वेळी औषधांची किंमत आणि जीव वाचवण्यातील निकड या दोन्ही कसोट्यांवर वर्गवारी करावी लागते. प्रतिविषासारख्या अत्यावश्यक औषधाचा राखीव साठा, ते महाग असले तरी, कमी करता येत नाही. खानदेशातील प्रत्येक तालुक्याची प्रतिविषाची मागणी उन्हाळ्यातच मंजूर होऊन मृगापूर्वी माल पोहोचेल, एवढी हमी खरेदी यंत्रणेने दिली पाहिजे.