डेकखाली दडलेली पट्टी

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल बंदरात ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ ही तीन डोलकाठ्यांची युद्धनौका आजही पाण्यावर तरंगते आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, मलबारी सागवानात ती बांधली गेली. तिच्या दोन्ही कुशींवर, प्रत्येक डोलकाठीच्या रेषेत, बाहेर काढलेल्या जाड फळ्या दिसतात. डोलकाठीला आवरणारे दोर वरून या फळ्यांपर्यंत उतरतात, गोल लाकडी ठोकळ्यांमध्ये ओवून आवळले जातात, आणि त्या ठोकळ्यांना खालून लोखंडानं जहाजाच्या अंगाशी जखडलेलं असतं. सगळं उघड्यावर. गंज चढला, बोल्ट सैल झाला, लाकूड चिरलं, तर येता-जाता कुणाच्याही नजरेत यावं अशी ती जागा.

अरबी समुद्रातल्या तिरक्या शिडांच्या नौकांवर तर बाजूचे दोर शीड फिरवताना सोडायचे आणि वाऱ्याकडच्या कुशीला नेऊन पुन्हा बांधायचे. दोराची प्रत्येक गाठ, प्रत्येक कडी दर फेरीला खलाशांच्या हाताखालून जात असे. तपासणीसाठी वेगळा दिवस काढायची गरजच नव्हती.

आजच्या शिडाच्या बोटीत हेच काम करणाऱ्या भागाला चेनप्लेट म्हणतात. साधारण नऊ-दहा मीटर लांबीच्या बोटीत ती हातभर लांबीची, जेमतेम सहा मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची सपाट पट्टी असते. तिचं वरचं टोक डेकच्या बाहेर चार बोटं डोकावतं. त्याला भोक असतं, भोकात पिन, पिनेला टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा फिरकीचा जोड, आणि टर्नबकलला डोलकाठीकडे जाणारी तार. उरलेली सगळी पट्टी डेकमधल्या फटीतून खाली उतरते आणि केबिनमधल्या आडव्या प्लायवूडच्या भिंतीला चार-सहा बोल्टांनी जखडलेली असते. भिंतीवर व्हिनिअर, पुढे कपाट, कपाटात कपडे. बोट विकत घेतल्यापासून एकदाही ती पट्टी न पाहिलेले मालक जगभर आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकजण खोल समुद्रात जातात.

ती आत का गेली, याचं कारण वाजवी आहे. वाऱ्याच्या तोंडावर जास्तीत जास्त चढत जायचं तर पुढचं मोठं शीड बोटीच्या मध्यरेषेच्या जवळ ओढता आलं पाहिजे. तारा बोटीच्या कडेला बांधलेल्या असल्या की शीड त्यांच्यावर अडतं. म्हणून यॉट आखणाऱ्यांनी तारांचे पाय कडेपासून फूट-दीड फूट आत घेतले. वेग वाढला, कोन सुधारला. पण आता पट्टीला डेक भेदून जाणं भाग पडलं, आणि डेकला पडलेलं प्रत्येक भोक म्हणजे आज ना उद्या पाणी शिरायची जागा.

या पट्टीवर किती भार येतो याचा ढोबळ हिशेब कुणालाही करता येईल. पाच टनांची बोट वाऱ्यानं तीस अंश कलली आहे असं धरा. तिला पुन्हा सरळ करू पाहणारी तरफ अर्ध्या मीटरची असेल, तर सरळ करणारा जोर अडीच टन-मीटर होतो. चेनप्लेट मध्यरेषेपासून १.४ मीटरवर असेल, तर वाऱ्याकडच्या बाजूला १.८ टनांच्या आसपास ओढ आली. ही शांत पाण्यातली गोष्ट. लाटेवरून बोट आपटली की ओढ क्षणभर वाढते, उतरते, पुन्हा वाढते, आणि एका रात्रीत हे हजारो वेळा होतं. डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी नसते. वाऱ्याकडच्या बाजूची एक चेनप्लेट तुटली की बहुतेक वेळा काही सेकंदांत डोलकाठी आडवी होते. त्या सेकंदांत कप्तानानं बोट वळवून वारा दुसऱ्या कुशीवर घेतला, तर तुटलेली बाजू मोकळी पडते आणि डोलकाठी वाचू शकते. पण त्यासाठी काय तुटलंय हे कळायला हवं, आणि रात्रीच्या पावसात ते कळणं कठीण.

आता धातूकडे वळू, कारण या सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथे आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही अशी आपली घरगुती समजूत आहे. मुळात ते लोखंडच. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्या क्रोमियमचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर तयार होतो. ओरखडा पडला तर थर पुन्हा धरतो. मात्र तो धरायला ऑक्सिजन लागतो. डेकच्या जाडीत, फट बुजवणाऱ्या सीलंटच्या आड, ओलसर लाकडाला चिकटून बसलेल्या पट्टीला तो मिळत नाही. तिथे साचलेलं खारं पाणी बदलत नाही, त्यातला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड वाढत जातं, थर फाटतो आणि भरून येत नाही. मग धातू आतून खाल्ला जाऊ लागतो. फटीतला गंज म्हणतात तो हाच. ३०४ जातीच्या पोलादाला तो लवकर धरतो; ३१६ जातीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यानं ते अधिक तग धरतं, पण सुटत तेही नाही.

यातला पेच मला फार महत्त्वाचा वाटतो. लाकूड वाचवायला फट बुजवावी लागते. धातू वाचायला हवा लागते. फट पूर्ण बंद राहिली तर पाणीच येत नाही आणि दोघंही सुखरूप राहतात. पूर्ण उघडी असती, तर निदान पट्टी धुतली गेली असती, वाळली असती. सर्वांत वाईट स्थिती मधली: सीलंट वरून धडधाकट दिसतं, पण पट्टीच्या एका अंगानं केसभर सुटलेलं असतं. पाणी आत जातं, बाहेर पडत नाही. आणि पट्टीवर सतत ओढ असल्यानं, ती डेकच्या मानानं किंचित हलत असल्यानं, सीलंट कधीतरी सुटणारच.

काचतंतूंच्या यॉट मोठ्या संख्येनं बनू लागल्या त्या १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून. कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली अठ्ठावीस फुटी ‘पिअर्सन ट्रायटन’ १९५९ च्या न्यूयॉर्क बोट-प्रदर्शनात आली आणि मध्यमवर्गीय माणसाला यॉट घेता येऊ लागली. साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या त्या बोटींचे सांगाडे आजही ठणठणीत आहेत, कारण काचतंतू कुजत नाहीत. नवी बोट न परवडणारी तरुण जोडपी, निवृत्त माणसं याच बोटी घेऊन समुद्र ओलांडतात. धोका असा की सांगाड्याचं टिकाऊपण बघून आपण सगळ्या बोटीवर विश्वास टाकतो. तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलल्या जातात, विमावालेही त्याबद्दल विचारतात. तारा बदलणारा मिस्त्री नवी तार जुन्या पट्टीला जोडून देतो आणि कागदावर ‘नवं रिगिंग’ असं लिहिलं जातं. पट्टी मात्र कारखान्यातून आली तीच.

तपासणी केबिनमधून सुरू करावी. कपाट रिकामं करायचं, टॉर्च हातात घ्यायचा. पट्टीच्या खाली तपकिरी ओघळ आहे का? व्हिनिअर काळवंडलंय का, त्याचे पापुद्रे सुटलेत का? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं भिंतीवर ठोकत जावं. सुकं प्लायवूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द. शंका आली तर टोच्या रोवून पाहावा; तो सहज आत गेला तर बोल्टांनी नुसता भुसा धरलेला आहे. डेकच्या बाबतीतही हेच, आणि ते अधिक फसवं असतं, कारण त्या काळच्या बहुतेक डेकमध्ये काचतंतूंच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड भरलेलं असे. आपल्याकडे इमारतीच्या स्लॅबमधून गळती होते तेव्हा पाणी शिरतं एकीकडे आणि डाग उमटतो दुसरीकडे, तसंच इथे. केबिनच्या दुसऱ्याच कोपऱ्यात थेंब पडतोय म्हणून खिडकीचं सील बदलणारे लोक असतात, आणि पाणी येत असतं चेनप्लेटच्या फटीतून.

एवढं पाहूनही पट्टीचा निकाल लागत नाही. बाहेर दिसणारा भाग चकचकीत असतो, केबिनमधला भागही बऱ्यापैकी असतो, आणि गंज असतो डेकच्या जाडीत लपलेल्या त्या दीड-दोन इंचांत. म्हणून मी आग्रहानं सांगेन: पट्टी बाहेर काढल्याशिवाय तपासणी झाली असं मानू नये. बोट धक्क्याला असताना, वारा नसताना, एका वेळी एकच. शीड चढवायचा एखादा जाड दोर त्या बाजूला डेकवर भक्कम बांधून ताणायचा, म्हणजे डोलकाठीला तात्पुरता आधार होतो. टर्नबकल किती फेरे सोडला ते लिहून ठेवायचं. बोल्ट जाम असतात. ते वाचवायच्या भानगडीत पडू नये, नवेच लागणार आहेत. काढलेले बोल्टही नीट पाहावेत. लाकडातून जाणारा त्यांचा मधला भाग कंबर आवळल्यासारखा बारीक झालेला सापडतो, आणि नट मात्र नव्यासारखा.

पट्टी हातात आली की सीलंट खरवडून ती घासून-पुसून लख्ख करायची आणि दहापट भिंगाखाली धरायची. पिनेच्या भोकाची कड, पट्टी जिथे वाकवली आहे ती जागा, डेकच्या पातळीची रेषा, वरच्या बोल्टाचं भोक: भेगा इथेच जन्मतात. टाचणीच्या टोकाएवढा खड्डाही दुर्लक्षिण्यासारखा नसतो, कारण वारंवार येणाऱ्या ओढीला भेग सुरू करायला तेवढी जागा पुरते. शंका उरली तर डीपी टेस्ट. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग तपासणाऱ्यांना ती रोजची आहे. स्वच्छ पृष्ठभागावर लाल रंग फवारायचा, दहा-वीस मिनिटं मुरू द्यायचा, फडक्यानं पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. भेगेत शिरलेला रंग पांढऱ्यावर बारीक लाल रेघ होऊन वर येतो. ही चाचणी पृष्ठभागापर्यंत उघडलेली भेगच दाखवते, पण चेनप्लेटच्या भेगा बहुधा पृष्ठभागावरूनच सुरू होत असल्यानं ती इथे कामाची आहे. भेग दिसली की पट्टी भंगारात. वेल्डिंग करून ती पुन्हा बसवणाऱ्यांशी माझं पटत नाही.

काही कारखान्यांनी पट्ट्या थेट हलच्या, म्हणजे बोटीच्या सांगाड्याच्या, काचतंतूंत गाडून टाकल्या. बांधताना ते भक्कम आणि नीटस वाटलं असणार. आज त्या बोटींच्या मालकांना फर्निचर कापून, ग्राइंडरनं काचतंतू उघडून त्या शोधाव्या लागतात. जो भाग दुरुस्त करता येत नाही तो कधीच बिघडणार नाही, असं गृहीत धरून बांधलेल्या बोटी आहेत या.

आणि दडलेला भाग फक्त डेकखालीच असतो असं नाही. जुन्या धाटणीच्या बोटींमधूनच एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत २०१८ साली पुन्हा सुरू झाली. १९६८-६९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहैली’तून ३१२ दिवसांत जी प्रदक्षिणा केली, तिच्या स्मरणार्थ ही शर्यत आहे. २०१८ मध्ये ‘सुहैली’चीच प्रतिकृती असलेली ‘थुरिया’ गोव्यात बांधून भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर दुखापत झालेल्या टॉमींना वाचवावं लागलं. ती निसर्गाची ताकद होती. पण त्याच शर्यतीत आघाडीवर असलेले त्र्याहत्तर वर्षांचे फ्रेंच दर्यावर्दी ज्याँ-लूक व्हान देन हीड यांच्यावर नोव्हेंबरमध्ये दक्षिण पॅसिफिकात जे ओढवलं, ते आपल्या विषयाचं आहे. लाटेनं बोट उलथवली आणि बाजूच्या खालच्या तारा डोलकाठीला जोडणारा बोल्ट अॅल्युमिनियम फाडत सुमारे पाच सेंटिमीटर खाली सरकला. तारा शाबूत होत्या, चेनप्लेटही. जोड सुटत होता. त्यांनी शिडं कमी केली, तारा सैल पडू दिल्या नाहीत, पुन्हा पुन्हा डोलकाठीवर चढून तो जोड दोरांनी आवळला, आणि २९ जानेवारी २०१९ रोजी २११ दिवसांत शर्यत जिंकली. टॉमी पुढच्या शर्यतीत ‘रस्लर ३६’ जातीच्या ‘बायनात’ बोटीतून पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

नवी पट्टी कशाची करावी? ३१६एल स्टेनलेस सर्वांना परवडतं, सहज मिळतं. भोकांच्या कडा गुळगुळीत करून सगळा पृष्ठभाग आरशासारखा पॉलिश केला तर त्याचं आयुष्य वाढतं, कारण खरबरीत जागीच खड्डे पडतात. सिलिकॉन ब्राँझ ताकदीला थोडं कमी, म्हणून जाड घ्यावं लागतं, पण असं फटीत कुजत नाही. टायटॅनियमला समुद्राच्या पाण्यात, नेहमीच्या तापमानाला, फटीतला गंज धरत नाही आणि ते वजनाला जवळजवळ निम्मं असतं. पैसे असतील तर मी टायटॅनियम घेईन. पण पट्टी कशाचीही असो, डेकमधली ओली बाल्सा कोरून काढणं, तिथे घट्ट इपॉक्सी भरणं आणि त्या इपॉक्सीतून नवी फट कापणं टाळता येत नाही. नाहीतर पुढची गळती पुन्हा लाकडातच जाईल. फटीच्या वरच्या कडेला थोडा उतार द्यावा, म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळते. ब्यूटिल टेप वर्षानुवर्षं मऊ राहते आणि पट्टीच्या हालचालीबरोबर ताणली जाते, म्हणून अनेक अनुभवी लोक तीच पसंत करतात.

शक्य असेल तिथे पट्टी हलच्या बाहेरून बसवावी, हा पर्यायही जिवंत आहे. विल्यम अॅटकिन यांनी नॉर्वेच्या बचावनौकांवरून आखलेल्या ‘एरिक’ या नकाशातून ‘सुहैली’ आली, आणि त्याच घराण्यातली काचतंतूंची ‘वेस्टसेल ३२’ १९७०च्या दशकात अमेरिकेत बनली. तिच्या चेनप्लेट हलच्या बाहेर, बोल्टांनी जखडलेल्या, उघड्या असतात. वाऱ्यावर ती हळू चढते. मालकाला मात्र फडकं फिरवता फिरवता पट्टी पाहता येते.

जुनी बोट घेणाऱ्यानं विक्रेत्याला तारांचं वय विचारून थांबू नये. चेनप्लेट शेवटच्या कधी काढल्या, कुणी काढल्या, तेव्हा काढलेले फोटो आहेत का, जुन्या पट्ट्या ठेवल्यात का, हे विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर सगळ्या पट्ट्या काढण्याचा, कदाचित प्लायवूडची भिंत बदलण्याचाही खर्च धरूनच किंमत बोलावी, आणि ते काम बोट उन्हाळ्यात जमिनीवर असतानाच उरकावं. नव्या पट्ट्या बसल्यावर पहिल्या काही दिवसांच्या सफरीनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात कपाट रिकामं करून आत टॉर्च मारायचा असतो.