रंगफवारणीची खोली व तिच्या गाळण्या

पवनेच्या काठी वसलेल्या आपल्या पिंपळे सौदागर गावी पूर्वी शेती होती, हे वडील मंडळीस ठाऊकच आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पुढे कारखानदारी सरकत सरकत चाकणपर्यंत पोहोचली. तेथे २००९ साली फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. आज आपल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे पालक भोसरी, आकुर्डी, चिंचवड अथवा चाकण येथे कामास जातात. तेथे तयार होणाऱ्या बहुतेक लोखंडी वस्तूंस गंजापासून वाचविण्यासाठी रंग द्यावा लागतो. हे काम ज्या खोलीत चालते, तिला कामगार ‘पेंट बूथ’ म्हणतात. तिची रचना कशी असते व तिच्यातील गाळण्या कोणते कार्य करतात, हे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रंग उडविणाऱ्या गनचा उगम मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेतील टोलेडो शहरी डीव्हिलबिस नावाच्या डॉक्टरांनी घशात औषध फवारण्याचे एक लहानसे यंत्र काढले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या पुत्राने तेच तत्त्व रंगास लाविले. गनमधील दाबलेली हवा रंगाचे अतिसूक्ष्म थेंब करिते व त्यामुळे कुंचल्याहून कितीतरी गुळगुळीत लेप बसतो. परंतु साध्या गनने उडविलेल्या रंगापैकी निम्म्याहून अधिक भाग पुष्कळदा वस्तूस न लागता हवेतच तरंगत राहतो. हा भाग जावा कोठे? तो तेथेच राहिला तर ओल्या लेपावर पुन्हा बसून काम बिघडवितो आणि कामगाराच्या श्वासावाटे फुप्फुसांत उतरतो. शिवाय थिनरची वाफ साचली तर एका ठिणगीने आग लागते. तेव्हा पेंट बूथ म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत; हवेस शिस्त लावणारे ते एक यंत्रच होय.

चांगल्या खोलीत स्वच्छ हवा छतातून खाली उतरते, वस्तू व कामगार यांच्यावरून जाते आणि जमिनीतील जाळीवाटे बाहेर ओढली जाते. तिचा वेग दर सेकंदास सुमारे अर्धा मीटर ठेवण्याचा जुना प्रघात आहे. आता थोडे गणित करू. खोली ७ मीटर लांब व ४ मीटर रुंद असेल, तर तिचे क्षेत्रफळ २८ चौरस मीटर भरते. या वेगाने दर सेकंदास १४ घनमीटर, म्हणजे तासाला ५०,४०० घनमीटर हवा खेळविली पाहिजे. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच अशा वर्गात १६८ घनमीटर हवा मावते. अर्थात तीनशे वर्गांतील हवा एका तासात त्या लहानशा खोलीतून जाते! आत येणारी व बाहेर जाणारी हवा यांचा मेळही राखावा लागतो. बाहेर ओढणे फार झाले तर फटींतून धूळ आत शिरते. आत लोटणे फार झाले तर रंगाचे धुके सबंध कारखान्यात पसरते.

आता गाळण्यांकडे वळू. छतातील गाळणी दाट विणीची असते. ती लेपाचे धुळीपासून रक्षण करते. जमिनीखालील गाळणी काचतंतूंची असून वरच्या बाजूस विरळ व खालच्या बाजूस दाट असते. याचे कारण असे की, वरचा थरच दाट असता तर तो तत्काळ लिंपून गेला असता. विरळ असल्यामुळे रंग खोलवर शिरून सर्व जाडीत साठतो. बोरघाटाच्या वळणावर गाडी वळते, पण आतील उतारू सरळ जाऊ पाहतात व एका अंगास कलतात, हा अनुभव सर्वांस आहे. येथेही तसेच घडते. हवा तंतूंभोवती वळून निघून जाते, जड थेंबास वळता येत नाही, व तो तंतूवर आदळून तेथेच चिकटतो. काही ठिकाणी गाळणीऐवजी पाण्याचा पडदा सोडतात. त्यात रंग धुऊन निघतो व खाली गाळ साचतो.

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात धरावी. अशी गाळणी थेंब अडविते, वाफ अडवीत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे थर योजावे लागतात, अथवा ती मोठ्या उष्णतेत जाळून टाकावी लागते. मोटारींच्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट नामक द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे दमा जडू शकतो. नाकास बांधलेला रुमाल अशा ठिकाणी मुळीच उपयोगी नाही. स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटाच तेथे पाहिजे.

पावडर कोटिंगची तऱ्हा निराळी. तीत थिनर नसतोच. कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, त्याच न्यायाने विद्युत्भारित भुकटी जमिनीशी तारेने जोडलेल्या वस्तूवर जाऊन बसते. गनमधील विद्युद्दाब एक लाख व्होल्टपर्यंत असू शकतो. नंतर ती वस्तू सामान्यतः १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत दहा ते वीस मिनिटे ठेविली म्हणजे भुकटी वितळून एकजीव लेप होतो. न चिकटलेली भुकटी चक्रवाताच्या नळकांड्यात व कार्ट्रिज गाळण्यांत पकडून पुन्हा वापरता येते. दाबलेल्या हवेचा उलटा झोत मारून या गाळण्या झटकल्या जातात. मात्र हवेत उडालेली भुकटी गिरणीतील पिठाप्रमाणेच स्फोटक असते. म्हणून स्फोटास लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या निम्म्याहूनही ती हवेत कमी राहील इतका वारा चालू ठेवितात, व पंखा थांबताच गनही बंद पडेल अशी योजना करितात. वस्तू टांगण्याच्या हुकांवर जुना लेप साचला तर जमिनीशी असलेला संबंध तुटून ठिणगी पडते. यास्तव हुक वेळोवेळी साफ करणे अवश्य आहे.

गाळणी भरली हे डोळ्यांस दिसत नाही. ते दाबमापकावर कळते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील पाणी भरलेली वाकडी नळी विद्यार्थ्यांनी पाहिली आहे, तत्त्व तेच. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील अंतर बनविणाराने सांगितलेल्या मर्यादेस पोहोचले की ती बदलावी. आकडा एकाएकी उतरला तरीही संतोष मानू नये, कारण गाळणी फाटली असण्याचा संभव असतो.

शेवटी, गाळणी रंगाचा नाश करीत नाही, त्यास केवळ एका जागी गोळा करते. काही रंगांनी भिजलेल्या गाळण्या ढिगात आपोआप तापून पेट घेतात. म्हणून त्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवाव्या लागतात. रंगाच्या गाळाची गणना २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात केली आहे. तो ओढ्यात सोडला तर पवनेस मिळणार, आणि जे विष आपण हवेतून काढिले, तेच पाण्यातून परत येणार.

१९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने धूळ व धूर उगमापाशीच ओढून घ्यावेत असा दंडक घातला होता. परंतु कायदा भिंतीवर राहतो. गाळणी बदलावी लागते ती माणसाच्या हाताने. आपल्या विद्यार्थ्यांतून उद्या कोणी कारागीर, कोणी इंजिनिअर, कोणी कारखान्याचे मालक होतील. त्यांनी गुळगुळीत लेप पाहून समाधान न मानता दाबमापकाचा काटा व फवारणाऱ्या कामगाराचा मुखवटा हेही आवर्जून पाहावे. आणि ज्यांचे वडील अथवा बंधू हे काम करितात, त्यांनी आज घरी एवढेच विचारावे, की गाळणी केव्हा बदलली? या एका प्रश्नाने एखाद्याच्या आयुष्याची वर्षे वाचतील.