काळ्या मातीच्या मुलखातील वामनवृक्ष
गोव्याच्या जांभ्या मातीतून पाणी झिरपून जाते. इंदूरजवळच्या सांवेरची काळी माती ते धरून ठेवते. गहू-सोयाबीनला ती मानवते, वामनवृक्षाला मात्र घातक. पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि उथळ कुंडीतील कोवळी मुळे तुटतात. म्हणून तीत विटांचा चुरा व जाड वाळू सढळ हाताने मिसळावी. भिंतीच्या फटीत उगवलेले वडा-पिंपळाचे रोप यासाठी उत्तम: मूठभर मातीवर जगणे त्याला ठाऊक असते, शिवाय भिंतही वाचते. कुंडी गावच्या कुंभाराकडून बिनझिलईची, पसरट घडवून घ्यावी. तिच्या सच्छिद्र अंगातून मुळांना हवा मिळते; पण माळव्याच्या उन्हाळ्यात ती झपाट्याने सुकते, तेव्हा दोन वेळा पाणी हवेच. तळाची भोके भाजण्यापूर्वीच पाडून घ्यावीत. नंतर पाडू गेल्यास कुंडीला तडा जातो.